सरावपाठात पहिला व्हिडिओ गेम : छात्राध्यापकांसाठी

बी.एड.च्या वर्गात दरवर्षी मी दोन प्रश्न विचारते. पहिला : शिकवताना व्हिडिओ गेम वापरावा का? भराभर हात वर होतात. दुसरा : येत्या आठवड्याच्या सरावपाठात कोण वापरणार? हात खाली. एखादा राहतो, तोही शेजाऱ्याकडे बघून हळूच खाली येतो.

या दोन प्रश्नांच्या मध्ये काय अडतं, ते विचारलं की तीन उत्तरं ठरलेली. वर्ग हाताबाहेर गेला तर? निरीक्षकांनी गुण कापले तर? आणि पोर्शन कधी संपवायचा? चौथं उत्तर मात्र मधल्या सुट्टीत डबा खाताना मिळतं : "मॅडम, पोरांना माझ्यापेक्षा जास्त येत असेल तर?" माझ्या मते खरं कारण हेच. बाकीची तीन त्याच्यावरची पांघरुणं.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला आंतरवासितेचा काळ एकूण २० आठवड्यांचा. त्यातली एक तासिका पणाला लावायला काही हरकत नाही. कशी लावायची, ते पायरी-पायरीने सांगते. मी स्वतः गेम खेळणारी नाही. मागच्या बाकावर बसून पाठ पाहणारी आहे. त्यामुळे सल्लाही तिथूनच.

पायरी १ : आधी स्वतःचं मत कागदावर उतरवा

लगेच गेम शोधायला बसू नका. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर ही पाच विधानं लिहा. गेममुळे या घटकातलं काहीतरी मुलांना खडू-फळ्यापेक्षा लवकर कळेल. गेम चालवणं मला सहज जमेल. गेम चालू असताना वर्ग माझ्या ताब्यात राहील. माझ्या मार्गदर्शक शिक्षकांना हे रुचेल. एखाद्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त येत असेल तरी मला चालेल.

प्रत्येकापुढे पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत यांपैकी एकच लिहायचं. मतं मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या श्रेणीत मध्ये 'तटस्थ'ही असतं, ते मी मुद्दाम काढलंय. आपल्याकडे तटस्थ म्हणजे "बघू नंतर".

पहिली दोन विधानं संशोधक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधल्या मांडणीवरून घेतली आहेत : नवं साधन उपयोगाचं वाटलं आणि वापरायला सोपं वाटलं, तर माणूस ते हाती घेतो. ऑफिसातल्या माणसाचं एवढ्यावर भागत असेल. शिक्षकाचं भागत नाही. त्याच्यासमोर चाळीस जण असतात आणि पाठीमागे वही उघडून निरीक्षक. म्हणून पुढची तीन विधानं माझी.

कागदावर तारीख घाला, घडी करा आणि पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या आराखड्याच्या, वहीत ठेवा. पाठ झाल्यावर लागेल.

हे करून घेताना एक गंमत दिसते. रात्री दोन-दोन तास मोबाइलवर खेळणारे छात्राध्यापक वर्गात गेम न्यायला बहुतेक वेळा सगळ्यात नाखूश असतात. एकाने सांगितलं, "मॅडम, गेम डोक्याचा कसा ताबा घेतो ते मला माहितीये, म्हणून नको." त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. उलट ज्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, ते टाचणात तीनदा 'गेमिफिकेशन' (शिकण्याला खेळाचं रूप देणं) लिहून आणतात आणि प्रत्यक्ष पाठात निघते ती स्लाइडवरची प्रश्नमंजूषा. टाळ्यांच्या आवाजासकट. दोघांनाही पुढची पायरी लागते.

पायरी २ : घटक आधी, गेम नंतर

"एक मस्त गेम सापडलाय, कुठल्या धड्याला लावू?" हे गुडघ्याला बाशिंग बांधून स्थळ शोधण्यासारखं झालं. आधी घटक घ्या, आणि असा घ्या की जो सांगून कळत नाही, करून कळतो. तरफ. अपूर्णांकांची तुलना. रासायनिक समीकरण संतुलित करणं. म्हणी आणि वाक्प्रचारांसाठी गेम शोधत बसू नका. म्हणी बोलता-बोलता येतात.

गेम पारखायची माझी एकच कसोटी आहे. मूल चुकलं की पडद्यावर काय होतं? लाल फुली येऊन बझर वाजत असेल, तर ती नुसती उजळणी. पाढ्यांना चालेल, त्यापुढे नाही. तो कडू गोळीवरचा साखरेचा थर असतो, आणि मुलं हुशार असतात : साखर चाटतात, गोळी टाकून देतात. पण चुकल्यावर फळी कलंडली, पूल कोसळला, धान्य संपलं, तर मूल आपणहून विचारतं की असं का झालं. आपल्याला हा 'का' हवाय.

फुकट मिळणाऱ्या साधनांपैकी तीन सांगते. जीकॉम्प्री हा लहान मुलांसाठीच्या खेळांचा संच, २००० सालापासून चालत आलेला, मुक्त स्रोत (म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा असा), इंटरनेट नसलं तरी चालणारा. नाव फ्रेंच आहे, 'समजलं मला' अशा अर्थाचं. दुसरं फेट. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं. त्यातले विज्ञान-गणिताचे हलते नमुने उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात, काहींच्या शेवटी 'गेम' नावाचा वेगळा पडदा असतो आणि बऱ्याच नमुन्यांची मराठी आवृत्तीही आहे. तुम्हाला हव्या त्या नमुन्याची आहे का, हे मात्र आधी बघा. तिसरं, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेलं स्क्रॅच. त्यात गेम मुलांनीच बनवायचा असतो. सुंदर आहे, पण पहिल्या पाठाला नको. एका तासिकेत मुलांचं मांजर (स्क्रॅच उघडलं की पडद्यावर दिसणारं पात्र) जेमतेम चालायला लागतं आणि घंटा होते.

विकतच्या मोठ्या गेमच्या नादाला लागू नका. अर्थात कोणी "गेम म्हणजे टाइमपास" म्हणालंच, तर पोलंडचं उदाहरण तोंडावर असू द्या : युद्धात अडकलेल्या साध्या नागरिकांवरचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम तिथल्या सरकारने २०२० मध्ये शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घ्यायचं जाहीर केलं होतं. तोही अठरा वर्षांवरच्यांसाठी. आपली सहावी-सातवी त्यापासून लांब.

पायरी ३ : हरेपर्यंत खेळा

निवडलेला गेम घरी तीनदा खेळा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा घड्याळ लावून. तुम्हाला सहा मिनिटं लागली तर वर्गाला बारा धरा. तिसऱ्यांदा मुद्दाम चुकत. मुलं जिथे-जिथे बोट घालतील तिथे तुम्ही घाला. कुठली खिडकी उघडली की गेम बंद पडतो, जाहिरात कुठे येते, कुठला इंग्रजी शब्द अडवतो, सगळं वहीत टिपा.

नाव, ईमेल किंवा फोन नंबर मागणारा गेम सरळ बाद करा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते असं म्हटलंय. छात्राध्यापकाने या भानगडीत पडूच नये.

आणि केबल. संगणकाला टीव्ही जोडायची एचडीएमआय केबल शाळेत आहे का, ती चालू आहे का, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आदल्या दिवशी विचारा. मी पाहिलेल्या फसलेल्या पाठांपैकी निम्मे अध्यापनशास्त्रामुळे फसले नाहीत, ते किल्लीमुळे फसले. एकदा तर शिपाईमामा लग्नाला गेले होते आणि अख्खी तासिका 'पडद्यावर असं दिसलं असतं' यात संपली.

वीज गेली तर काय, हेही ठरवून ठेवा. तरफेला फूटपट्टी, पेन्सिल आणि नाणी पुरतात.

पायरी ४ : परवानगी, आणि 'गेम' हा शब्द

'गेम' म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर पबजी येतं, ज्यावर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, नाहीतर रमी येते. म्हणून काही जण टाचणात गेमला 'डिजिटल कृती' म्हणतात. असं लपवू नका. मुलगा घरी जाऊन "आज शाळेत गेम खेळलो" हेच सांगणार आहे.

मुख्याध्यापकांना आणि पालकांच्या गटावर चार गोष्टी स्वच्छ सांगा : पैशांचा संबंध नाही, मुलांचं खातं उघडायचं नाही, मुलांनी घरून मोबाइल आणायचा नाही, आणि सगळा खेळ बारा मिनिटांचा. कोणी कायद्याचं काढलंच तर २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. शिक्षणासाठीच्या खेळांना तो आडकाठी करत नाही, उलट उत्तेजनच देतो.

मार्गदर्शक शिक्षकांशी बोलताना मात्र कायदा आणि धोरण बाजूला ठेवा. त्यांना एवढंच हवं असतं की त्यांचा घटक पुरा व्हावा आणि शेजारच्या वर्गाने तक्रार करू नये. "सर, हा घटक तुम्ही दोन तासिकांत घेता, मीही दोनच घेईन, त्यातली पहिली अशी," असं म्हणा. टाचण आधी दाखवा. ते एखादी सूचना करतील, ती खरोखर टाचणात घाला. माझ्या अनुभवात या एका गोष्टीने जेवढं काम होतं तेवढं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा परिच्छेद वाचून दाखवल्याने होत नाही.

एक बोचरी गोष्ट सांगून पुढे जाते. परीक्षेत तुम्ही सगळेच बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांवर पानभर लिहिता, त्यांचं बोर्डी आणि कोसबाडचं काम, खेळातून शिक्षण, अंगणात भरणारी बालवाडी. गुणही घेता. मग वर्गात खेळ आणायची वेळ आली की "हे शिस्तीत बसेल का?" कसं काय विचारता?

पायरी ५ : टाचणात गेम कुठे बसवायचा

जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, तुम्हाला पाठ असते : प्रस्तावना, विषय प्रतिपादन, तुलना, नियमन, उपयोजन. प्रस्तावना संपली की हेतुकथन करायचं, "आज आपण तरफेचा नियम अभ्यासणार आहोत," आणि शीर्षक फळ्यावर. गेमच्या पाठात नेमकी इथेच पाचर बसते. 'टेकूपासूनचं अंतर महत्त्वाचं' हे आधीच फळ्यावर लिहिलंत, तर मुलांनी गेममध्ये शोधायचं काय?

म्हणून हेतुकथन खेळानंतर घ्या, आणि टाचणात समासात एका ओळीत कारण लिहा. निरीक्षकांना पाठाआधी दोन मिनिटं भेटून सांगा. न सांगता केलंत तर त्यांच्या तक्त्यात 'हेतुकथन : नाही' अशी खूण पडेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

३५ मिनिटांची वाटणी मी अशी सुचवते : प्रस्तावना ४, खेळ १२, चर्चा आणि फलकलेखन १२, फूटपट्टीचा प्रयोग ५, गृहपाठ २. खेळाएवढाच वेळ चर्चेला आहे, हे लक्षात ठेवा. वेळ कमी पडला तर खेळ कापा, चर्चा नाही.

पायरी ६ : एक पडदा, चाळीस मुलं

"आमच्याकडे टॅब नाहीत" हे कारण मी ऐकून घेत नाही, आणि त्यामागे एक गोष्ट आहे.

१९७१ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच नावाचा एक छात्राध्यापक आठवीला इतिहास शिकवत होता. तुमच्यासारखाच, पदवी हातात यायची होती. एकोणिसाव्या शतकात बैल जुंपलेल्या गाड्या घेऊन पश्चिमेकडे ओरेगनला निघालेल्या लोकांचा धडा होता. त्याने नकाशा, पत्ते आणि फासे घेऊन पटावरचा खेळ मांडायला घेतला. त्याचे खोलीमित्र बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे गणिताचे छात्राध्यापक. ते म्हणाले, हे संगणकावर करू. दोन आठवड्यांत प्रोग्रॅम लिहून झाला आणि ३ डिसेंबरला 'ओरेगन ट्रेल' वर्गात आला.

वर्गात संगणक नव्हताच. होता एक टेलिप्रिंटर, फोनच्या तारेने लांबच्या संगणकाला जोडलेला. पडदा नाही, चित्र नाही. मजकूर खडखडत कागदावर छापून यायचा. शिकार करायची तर 'बँग' हा शब्द टाइप करायचा, जितका झटपट तितकी शिकार मोठी. एकच यंत्र आणि अख्खा वर्ग. मग मुलांनीच कामं वाटून घेतली : ज्याची बोटं चपळ तो टाइप करणार, एक जण नकाशावर गाडी कुठे पोचली ते बघणार, एक जण पैशांचा हिशेब ठेवणार.

सत्र संपल्यावर रॉविचने प्रोग्रॅम संगणकावरून पुसला, फक्त छापील कागद जपून ठेवला. १९७४ मध्ये मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरी लागल्यावर त्याने तो पुन्हा टाइप केला, त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून संकटांची शक्यता सुधारली, आणि पुढे अमेरिकेतल्या पिढ्यान्‌पिढ्या तो खेळल्या. शैक्षणिक गेममधलं सगळ्यात गाजलेलं नाव एका सरावपाठातून निघालं, एवढंच माझं म्हणणं.

तर तुमच्याकडे एक टीव्ही आणि एक माउस असेल तर तेवढ्यावर करा. पाच-पाच मुलांचे गट. माउस प्रत्येक फेरीत दुसऱ्या गटाकडे. आणि नियम असा, की बटण दाबायच्या आधी प्रत्येक गटाने आपला अंदाज पाटीवर लिहून पाटी वर धरायची. या एका नियमाने पहिल्या पायरीतली शिस्तीची भीती बरीचशी जाते, कारण माउस नसलेल्या पस्तीस जणांनाही काम असतं. टॅब आठ असतील तर गटाला एक. ज्याच्या हातात टॅब, त्याने बोलायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं. हे मुलांना फार आवडतं, भांडणंही कमी होतात.

पायरी ७ : खेळ थांबवा, आणि कान उघडे ठेवा

सहावीच्या 'साधी यंत्रे' या घटकावर एका छात्राध्यापिकेचा पाठ मी पाहिला. जिल्हा परिषदेची शाळा, ऊसपट्ट्यातलं गाव. फेटचा फळी आणि टेकूचा नमुना तिने घेतला होता. तयारी चोख : केबल होती, पाट्या होत्या, गट होते.

पडद्यावर फळीच्या डाव्या बाजूला मध्यापासून २ मीटरवर १० किलोची वीट. उजवीकडे २० किलोची वीट कुठे ठेवली तर फळी सरळ राहील? पाट्या वर झाल्या. बहुतेकांवर '२ मीटर'. इकडे दोन तर तिकडे दोन, हिशेब सरळ. बाईंनी वीट ठेवली, खालचे आधार काढले, आणि फळी उजवीकडे धाडकन खाली गेली.

मागच्या ओळीतून एक मुलगा ओरडला, "गाडी उलाळ झाली!"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "शांत बसा," आणि पुढच्या फेरीवर गेल्या.

मी पेन खाली ठेवलं. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरून निघू बघतं. त्याला गाडी उलाळ होणं म्हणतात. त्यावर उपाय काय, हे त्या मुलाला ठाऊक असणार : मोळ्या उतरवायच्या नाहीत, पुढे सरकवायच्या. चाकांचा आस म्हणजे टेकू. ओझं तेवढंच राहतं, टेकूपासूनचं अंतर बदलतं. पाठ्यपुस्तकातला अख्खा नियम त्या तीन शब्दांत होता आणि आपण त्याला गप्प केलं.

पाठानंतर मी तिला एवढंच विचारलं, "तो मुलगा काय म्हणाला?" तिला शब्द ऐकू आला होता, अर्थ माहीत नव्हता. ती शहरातली. दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडीवर तिने तोच पाठ घेतला, पण फळी कलंडल्यावर थांबली आणि म्हणाली, "काल 'अ' तुकडीतला एक जण म्हणाला गाडी उलाळ झाली. मला कळलं नाही. कोण समजावून सांगेल?" सात-आठ जण उठले. एकाने पट्टी आणि खोडरबर घेऊन गाडीच करून दाखवली. त्यानंतर तिने फळ्यावर टेकू, भार, बल लिहिलं तेव्हा ते शब्द आधीच ओळखीचे झालेले होते. पुढच्या पाटीवर बहुतेक गटांनी '१ मीटर' लिहिलं.

"मला कळलं नाही, कोण सांगेल" हे वाक्य तिला आदल्या दिवशी म्हणवलं नसतं. त्या कागदावरच्या पाचव्या विधानापुढे तिने 'पूर्ण असहमत' लिहिलं होतं, हे तिनेच मला नंतर दाखवलं.

तेव्हा खेळ मध्येच थांबवा, मुलं "अजून एक फेरी, बाई" म्हणत असतानाच. पडदा काळा करा; समोर चित्र हलत असेपर्यंत कोणी तुमच्याकडे बघणार नाही. मग विचारा : अंदाज काय होता, झालं काय, आणि असं आणखी कुठे पाहिलंय? तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका.

इतिहासाचा गेम असेल तर आणखी एक प्रश्न : या खेळात कोण दिसत नाही? 'ओरेगन ट्रेल'वर हाच आक्षेप घेतला गेला. गाड्या ज्यांच्या जमिनीवरून जात होत्या ते मूळ रहिवासी खेळात वाटेवरचे प्रसंग म्हणून येत, माणसं म्हणून नाही. २०२१ च्या आवृत्तीसाठी मूळ रहिवासी समाजातल्या इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला, तोवर पन्नास वर्षं झाली होती. आठवीच्या मुलांना हा प्रश्न पेलतो.

पायरी ८ : पाठानंतरचे दोन दिवस

त्याच दिवशी घडी उघडू नका. पाठ रंगला की सगळंच 'पूर्ण सहमत' वाटतं, फसला की उलट. दोन दिवसांनी तीच पाच विधानं नव्या कागदावर भरा आणि मग जुना कागद शेजारी ठेवा. कुठलं उत्तर बदललं आणि पाठातल्या कुठल्या मिनिटामुळे बदललं, हे दोन ओळींत लिहा. काहींचं मत नकाराकडे जातं. जाऊ द्या. पाठ घेऊन आलेला नकार मी मान्य करते, न घेता आलेला होकार नाही.

मुलांना काय आलं हे गेममधल्या गुणांवरून ठरवू नका. तिथे बोटं चपळ असलेल्यांचं फावतं. आठवड्याने, पडदा न लावता, कागदावर दोन उदाहरणं द्या, त्यातलं एक बैलगाडीचं असू द्या. दोन तुकड्या मिळत असतील तर एकीला गेमने आणि दुसरीला नुसत्या फूटपट्टी-नाण्यांनी शिकवून बघा. कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गात करून बघायच्या संशोधनाचा, विषय आयता मिळेल. फूटपट्टीवाली तुकडी पुढे निघाली तर तसंच लिहा. अहवालात गेम जिंकायलाच हवा असं नाही. आणि पहिल्या गेमच्या पाठातला उत्साह थोडा नव्याच्या नवलाईचा असतो, म्हणून जमलं तर दुसराही एक घ्या.

दोन्ही कागद फाइलला जोडा. केबल कपाटात ठेवून वहीत सही करा, पुढच्या आठवड्यात छात्राध्यापकांच्या 'ब' गटातल्या कोणाला तरी ती लागणार आहे.